न बांधायच्या खोलीची परवानगी

इंग्लंडमध्ये घर विकायला काढलं की इस्टेट एजंट पुष्कळदा एक सल्ला देतो: आधी मागच्या बाजूच्या वाढीव खोलीची प्लॅनिंग परवानगी काढा, मग घर बाजारात आणा, चार पैसे जास्त मिळतील. हॅरो, हाउन्स्लो किंवा स्लाउमध्ये घर घेतलेल्या मराठी माणसाला हा सल्ला लगेच पटतो. गावाकडे बिनशेतीचा आदेश आणि मंजूर नकाशा हातात असेल तर जमिनीची बोलणी वेगळ्याच भावाने सुरू होतात, हे त्याला ठाऊक असतं. पण तिथला कागद जमिनीवर मुळात घर बांधता येईल का, याचं उत्तर देतो. इथे घर उभं आहे, त्यात माणसं राहत आहेत आणि ते कायदेशीर आहे. परवानगी मागायची आहे ती अजून नसलेल्या आणि विकणाऱ्याला कधीच बांधायच्या नसलेल्या खोलीची. मग प्रश्न असा, की जे आपण करणार नाही त्याची मुभा मिळवून ती विकण्यात शहाणपण आहे का? पूर्वपक्ष सरळ आहे: ‘परवानगी घराबरोबर जाते, घेणाऱ्याचा त्रास वाचतो, आणि वाचलेल्या त्रासाची किंमत तो देईल. यात विचार कसला करायचा?’

पूर्वपक्षाचं पहिलं वाक्य खरं आहे. १९४७च्या टाउन अँड कंट्री प्लॅनिंग कायद्याने बांधकामाचा हक्क जमिनीच्या मालकीपासून वेगळा केला. जमीन तुमची राहिली, पण तिच्यावर नवं काही उभं करायचं तर स्थानिक कौन्सिलची संमती हवी. ही संमती अर्जदाराला चिकटत नाही, जमिनीला चिकटते. म्हणून घर विकलं की ती नव्या मालकाकडे जाते, आणि साधारणपणे तीन वर्षांत काम सुरू झालं नाही तर संपते. मात्र या व्यवस्थेची दुसरी बाजू एजंट सांगत नाही. अर्ज करायला मालक असावं लागत नाही. मालकाला रीतसर नोटीस दिली की परक्या माणसालाही त्याच्या घरासाठी अर्ज करता येतो. म्हणजे घेणारा व्यवहार पुरा होण्याआधीही कौन्सिलकडे जाऊ शकतो. परवानगी ही विकणाऱ्याच्याच तिजोरीतली वस्तू नाही. तो विकतो ते एका शंकेचं निरसन, आणि निरसनाची किंमत शंका केवढी होती त्यावर ठरते. माझा सगळा युक्तिवाद एवढ्या एका गोष्टीवर उभा आहे.

आता मागच्या खोलीची शंका केवढी, ते पाहू. इंग्लंडमध्ये सर्वसाधारण घराला काही वाढीव बांधकाम अर्जाशिवायच करता येतं. उंची वगैरेच्या अटी पाळल्या तर जोडघराला मागे तीन मीटर आणि सुट्या घराला चार मीटर एकमजली बांधकाम चालतं. शेजाऱ्यांना कळवण्याची वेगळी प्रक्रिया पार केली तर अनुक्रमे सहा आणि आठ मीटरपर्यंत जाता येतं. फ्लॅटला ही सवलत नाही आणि संरक्षित भागात ती आक्रसते, पण उपनगरातल्या हजारो घरांना ती आहे. शिवाय कौन्सिलची प्लॅनिंग नोंदवही कुणालाही पाहता येते. गल्लीतल्या चार घरांना परवानगी मिळालेली दिसली की घेणाऱ्याची उरलीसुरली शंका तिथेच मिटते. पूर्वपक्षी म्हणेल, ‘तरीही तयार कागद असलेला बरा.’ बरा, पण कुणाच्या मापाचा? समजा नकाशात मागे स्वयंपाकघर मंजूर झालं; ते विकणाऱ्याच्या अंदाजाने काढलेलं असतं. घेणाऱ्याला तिथे आईसाठी खाली झोपायची खोली हवी असेल तर नकाशा पुन्हा काढणं आलं. नकाशांचा कॉपीराइट बहुधा आर्किटेक्टकडेच राहतो, तेव्हा ते वापरायचे तर त्याचीही संमती लागते. आणि खर्च? घरमालकाच्या अशा अर्जाचं शुल्क एप्रिल २०२५मध्ये २५८ पौंडांवरून ५२८ पौंड झालं. आर्किटेक्टचं बिल त्याहून कितीतरी मोठं, आणि निर्णयाची मुदत आठ आठवडे, तीही कौन्सिलने पाळली तर. एजंटचं कमिशन वाढीव किमतीवर मोजलं जातं. अर्जाचे पैसे मात्र तुमचे जातात. सल्ला ऐकताना एवढं लक्षात ठेवलेलं बरं. शंका राहिलीच असेल तर खोली अर्जाशिवाय चालेल असं सांगणारं कायदेशीरपणाचं प्रमाणपत्र निम्म्या शुल्कात मिळतं.

कोपऱ्यावरचं घर, बाजूला रुंद बाग आणि तिथे दुसरं स्वतंत्र घर बसेल अशी जागा असेल तर चित्र पालटतं. इथे शंका आकाराची नसून हो की नाही अशी आहे. राहायला घर शोधणारं कुटुंब असा जुगार खेळणार नाही, आणि बांधकाम व्यावसायिक तो खेळेल तो किमतीत घसघशीत कपात करूनच. ही शंका विक्रीआधी दूर करणं परवडतं. ‘पण नकार आला तर?’ हा आक्षेप मात्र वजनदार आहे. नकारही त्याच नोंदवहीत कायमचा राहतो आणि घेणाऱ्याचा सॉलिसिटर तो शोधून काढतो. न विचारलेल्या प्रश्नालाही बाजारात भाव असतो. इंग्रज त्याला ‘होप व्हॅल्यू’ म्हणतात, आणि नकारासरशी तो पडतो. मग प्रश्न मुद्दाम न विचारणं ही फसवणूक ठरते का? मला तसं वाटत नाही. कौन्सिलचं दार घेणाऱ्यालाही तेवढंच उघडं आहे. लपवलेलं काही नाही. नकाराचा धोका कमी करायचा तर आधी फी भरून कौन्सिलच्या अधिकाऱ्याचा पूर्वसल्ला घेता येतो. तो बंधनकारक नसतो, पण वारा कुठला आहे ते कळतं. किंवा आजच्या भावाने विकून, पुढे परवानगी मिळाल्यास वाढीचा ठरावीक वाटा आपल्याला मिळेल असं ‘ओव्हरेज’चं कलम करारात घालता येतं. नुसत्या आशेची किंमत ठरवण्यावरून घासाघीस करण्यापेक्षा हे मला अधिक प्रामाणिक वाटतं.

राहिला नैतिक आक्षेप. ‘आपण निघून जाणार आणि शेजाऱ्यांच्या उन्हात भिंत उभी करायची सोय करून जाणार, हे बरं दिसतं का?’ कायद्याला अर्जदार कोण याच्याशी कर्तव्य नाही; जागेवर काय उभं राहणार एवढंच तो पाहतो, आणि शेजाऱ्यांची हरकत ऐकूनच ठरवतो. त्यामुळे मला हा आक्षेप अर्धाच पटतो. त्यापेक्षा खोल प्रश्न पैशाचा आहे: समाजाने दिलेल्या मुभेने वाढलेली किंमत एकट्या मालकाची कशी? १९४७च्या कायद्याने ही वाढ शंभर टक्के सरकारजमा करायचं ठरवलं. जमीनमालकांनी विक्रीत हात आखडता घेतला आणि १९५३मध्ये ती वसुली रद्द झाली. १९६७मध्ये चाळीस टक्के आकारणी आली, तीही काही वर्षांत गेली. १९७६चा विकास-जमीन कर १९८५मध्ये संपला. तीनदा प्रयत्न करून ब्रिटिश सरकारला जे टिकवता आलं नाही, त्याचा भार एका घर विकणाऱ्याने शिरावर घ्यावा असं मी म्हणणार नाही. पण तो पैसा आपल्या कर्तबगारीचा आहे असंही त्याने समजू नये.

तेव्हा बागेत दुसरं घर बसत असेल तर पूर्वसल्ला घ्या, तो अनुकूल आला तर अर्ज करा आणि मग विका. फक्त मागच्या वाढीव खोलीचाच प्रश्न असेल तर कौन्सिलला अर्जाचं शुल्क देऊ नका. घर आहे तसं विका.