बोली वाढली, दान निसटलं

आजचं चिंतन : गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२



आजच्या तीन श्लोकांत भगवंत दानाचे तीन प्रकार सांगतात. परत काही मिळण्याची आशा नाही अशा माणसाला, योग्य ठिकाणी, योग्य वेळी, द्यायलाच हवं म्हणून दिलं ते सात्त्विक. परतफेडीच्या किंवा फळाच्या आशेने, नाहीतर मनात कुढत दिलं ते राजस. आणि घेणाऱ्याचा मान न ठेवता, त्याला कमी लेखून दिलं ते तामस. हे श्लोक मी कितीदा तरी वाचलेत. दरवेळी वाटायचं, आपण पहिल्या रांगेतले. गेल्या दिवाळीपर्यंत.

दिवाळीला पुण्याहून खामगावला घरी गेले होते. एका मुलींच्या वसतिगृहाच्या मदतीसाठी हाताने केलेल्या वस्तूंचा लिलाव होता. लोकरीचे स्वेटर, क्रोशाची तोरणं, पिशव्या. आईने गोधडी दिली. आत आजीच्या जुन्या लुगड्यांचे थर, वर लाल-निळे तुकडे, आणि कडेपासून मधोमध आत येत गेलेला बारीक धावदोरा. चार महिन्यांच्या दुपारी गेल्या त्यात. आईचे गुडघे दुखत होते, म्हणून गोधडी घेऊन मीच गेले.

बोली ५०० पासून सुरू झाली. ८०० झाले. एका निवृत्त शिक्षिका काकूंनी ११०० म्हटलं आणि पुढे कुणी बोलेना. माझ्या पोटात कसंतरी झालं. चार महिने, आणि अकराशे? शेजारी मैत्रीण बसली होती. तिला हळूच म्हटलं, "तू बोल ना, पैसे मी देते." ती १५०० म्हणाली. काकू १६००. मैत्रीण २०००. काकूंनी मांडीवरची पर्स उघडून पाहिली, बंद केली आणि मान हलवली. मला वाटलं होतं, आता दुसरं कुणी पुढे जाईल. कुणीच गेलं नाही. टाळ्या वाजल्या, आणि गोधडी पिशवीत घालून मीच घरी निघाले.

आता प्रश्न असा. वसतिगृहाला ११०० मिळायचे ते २००० मिळाले. मग बिघडलं काय?

महिनाभर मी स्वतःला हेच सांगत होते. पण पटत नव्हतं.

आधी लिलावाचं बोलू. लिलावात दोष नाही. नोव्हेंबर १९३३ मध्ये वर्ध्याहून निघालेल्या हरिजन यात्रेत गांधीजी भेट मिळालेल्या वस्तूंचा भर सभेत लिलाव करायचे आणि पैसे निधीत जायचे. आपल्या गावांतही सप्ताहात नारळावर बोली लागते. तो नारळ कितीला गेला यावरून कुणी नारळाची किंमत ठरवत नाही. बोली म्हणजे त्या दिवशी, त्या मंडपात कुणी किती देऊ शकलं, एवढंच. मी मात्र ती आईच्या हातांची किंमत समजले.

हाताच्या कामाला कमी दाम मिळतो, हे खरंच आहे, आणि ते बोललंच पाहिजे. पण त्याला सरळ वाट होती. आयोजकांना आधीच सांगायचं, "एवढ्याच्या खाली देऊ नका." ते मी उघडपणे सांगितलं नाही. मी खोटी बोली लावली. का? कारण चारचौघांत गोधडी स्वस्तात गेली तर मला कमीपणा वाटला असता. श्लोकातलं ते 'फळ' हेच. पुण्य नको होतं मला, शाबासकी हवी होती. तीसुद्धा आईच्या कष्टांवर.

आणि अशा दानात घेणारे दोन असतात, हे मी विसरले. एक वसतिगृह. दुसरा, ती वस्तू घरी नेणारा. पहिल्याला मी पैसे दिले. दुसऱ्याला फसवलं. काकूंना ती गोधडी खरंच हवी होती. त्यांचा मान मी ठेवला नाही, म्हणजे तिसऱ्या श्लोकापासूनही मी फार लांब नव्हते.

इथे मला पवनार आठवतं. १२ फेब्रुवारी १९४८ ला तिथे धाम नदीत गांधीजींच्या अस्थींचं विसर्जन झालं. त्या दिवसाच्या स्मरणात विनोबांनी सूतांजली मागितली. प्रत्येकाने वर्षातून एकदा स्वतः कातलेल्या सुताची एक गुंडी द्यायची, ६४० तारांची. श्रीमंताचीही एक, गरिबाचीही एक. तिथे बोली नाही, म्हणून हिणवलं जाण्याची भीतीही नाही.

लिलावाच्या रात्री आईने कितीला गेली ते विचारलंच नाही. तिचा प्रश्न वेगळाच होता. "त्यायले सांगतलं का वं, पह्यल्या धुन्यात लाल रंग सुटते म्हून?" गोधडी माझ्या बॅगेत, कपड्यांखाली होती. मी "हो" म्हटलं. एका खोट्यावर दुसरं.

पुढच्या खेपेला गोधडी घेऊन काकूंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्या लगेच हसल्या वगैरे नाहीत. जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "फुकट नाही घेणार. अकराशे वसतिगृहात भरते." मी फक्त एवढंच सांगितलं की पहिल्यांदा वेगळी धुवा, लाल रंग सुटतो.

आईला सांगणं अजून बाकी आहे. हे लिहितेय ते त्यासाठीच धीर यावा म्हणून.

आजचा संकल्प : हाताने केलेलं काही द्याल तेव्हा किंमत आधी उघड सांगा, किंवा मग सोडून द्या. आणि ते ज्याच्या घरी जाईल त्याला ते कसं जपायचं, हे सांगायला विसरू नका.

जय गजानन.