लेकरांचं शिक्षण आणि ऋषिऋण

 

प्रवेशाचे दिवस आले की आपल्या सत्संगात फीचा विषय निघतोच. यंदा एका घरचा प्रश्न जरा अवघड आहे. लेकीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. आईवडील केव्हाच वेगळे झालेत, दोघंही आपल्याच परिवारातले. वडील म्हणतात, कोर्टानं ठरवलेली रक्कम मी दर महिन्याला देतो, आणखी कशाला? आई म्हणते, त्यांच्यापुढे हात पसरणार नाही. आणि पोरगी म्हणते, राहू द्या, मी बी.कॉम. करते. तिचं हे समजूतदार बोलणंच आपल्या सगळ्यांना बोचलं.

तीन ऋणांबद्दल आपण नेहमी ऐकतो. त्यातलं ऋषिऋण विद्येनंच फिटतं, स्वतः शिकून आणि पुढच्या पिढीला शिकवून. घटस्फोटानं नवराबायकोचं नातं सुटतं. हे ऋण त्या कागदात कुठेच नसतं.

महाभारताच्या आदिपर्वातली शकुंतला आठवा. (अंगठी आणि शाप नाटकातले, इथे ते नाहीत बरं का.) मुलाला घेऊन ती भर सभेत येते. राजाला सगळं आठवत असतं, तरी तो ओळख देत नाही. तेव्हा ती सांगते की मला टाकलंत तर मी आश्रमात परत जाईन, पण या मुलाला टाकू नका. याला कुणी भीक म्हणेल का? ती मुलाच्या हक्काचं बोलत होती. आपल्या त्या ताईंनी हे मनात धरावं.

कायदाही तेच सांगतो. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात निर्वाह म्हणजे अन्न-वस्त्र-निवाऱ्याबरोबर शिक्षणही आलं, आणि जबाबदारी आई-वडील दोघांची आहे. लेक अविवाहित असून स्वतःच्या पायावर उभी नसेल, तर अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून ती संपत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण होतं. आईवडील २६ वर्षं वेगळे, मुलगी आयर्लंडला शिकायला. वडिलांनी दिलेले ४३ लाख तिनं स्वाभिमानानं नाकारले, वडील परत घेईनात. न्यायालयानं म्हटलं, शिक्षणाचा खर्च आईवडिलांकडून मिळणं हा लेकीचा हक्क आहे, पैसे तिचेच.

सज्ञान मुलाच्या बाबतीत कायद्याचा हात आखडता आहे. मग तिथे बापानं हात झटकायचे का? कायदा थांबतो तिथेच तर आपल्या साधनेची परीक्षा.

आम्ही सेवेकरी मैत्रिणींनी दोन्ही घरी एवढंच सुचवलंय की दोघांच्या मिळकतीच्या प्रमाणात फी वाटून घ्या आणि आपापला वाटा थेट कॉलेजच्या खात्यात भरा, म्हणजे एकमेकांच्या हातात पैसे द्यायची वेळच येणार नाही. जुळलंच नाही तर कोर्टाकडून शिक्षणाची रक्कम नव्यानं ठरवून घेता येते. आजी-आजोबांना मात्र हात जोडून विनंती, पोरीसमोर हिशेब काढू नका.

या गुरुवारी शकुंतलोपाख्यानाचं वाचन आहे, आरतीनंतर. ज्यांना घरचं काही मोकळेपणानं बोलायचंय त्यांनी अर्धा तास आधी यावं, आम्ही दोघी-तिघी तिथेच असू.