टॅपेट, वीणा आणि मध्यममार्ग

दसऱ्याच्या दिवशी नागपुरातल्या गॅरेजांत पाने-पकडी धुऊन-पुसून मांडल्या जातात, त्यांच्यावर झेंडू वाहिला जातो. त्याच दिवशी, बाबासाहेब आंबेडकरांनी जिथे बौद्ध धर्माची दीक्षा घेतली त्या दीक्षाभूमीकडे जाणारे रस्ते माणसांनी भरलेले असतात. बुद्धाचा मध्यममार्ग म्हणजे थोडं इकडचं, थोडं तिकडचं, असा समज शहरात कमी नाही. टॅपेट सेट करणारा मेकॅनिक हा समज सहज खोडून काढू शकतो.

अँबेसिडर गाडीच्या १४८९ सीसी इंजिनाला टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो ढकलणारा रॉकर यांच्यामधली जागा, हातानेच ठरवावी लागे: ०.०१५ इंच. फिलर गेजची पाती किंचित अडखळत सरकली की लॉकनट आवळायचा. फट जास्त राहिली तर टकटक ऐकू येते. कमी राहिली तर इंजिन गप्प असतं, पण व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो. गप्प बिघाड जास्त महागात पडतो, हे गिऱ्हाइकाला पटवणं मात्र कठीण!

कॅडिलॅकने १९३० मध्ये सोळा सिलिंडरच्या इंजिनात ही फट तेलाच्या दाबाने भरून काढली. हायड्रॉलिक टॅपेटच्या पोटात स्प्रिंगवर बसलेला प्लंजर असतो. फट पडली की तेल आत शिरतं, कॅमचा दाब आला की झडप मिटून ते कोंडतं.

मग सेटिंग कशाला? ज्या पुशरॉड इंजिनांत रॉकरचा नट फिरवता येतो, तिथे ती लागतेच. व्हॉल्व्ह मिटलेला ठेवून पुशरॉड वरखाली हलवत नट आवळायचा. रॉडचा खेळ संपला की फट शून्य. तिथून पुढे कंपनी सांगेल तेवढाच फेरा. काही इंजिनांत अर्धा, काहींत पूर्ण. त्यामुळे प्लंजर मधोमध बसतो आणि त्याला दोन्ही बाजूंना सरकायला जागा उरते. जास्त आवळलं तर तो तळाला टेकतो. सकाळी सुरू करताना क्षणभर टकटक झाली म्हणून नटाला हात लावायचा नसतो. आधी तेल वर चढू द्यायचं.

बुद्धाचा मध्यही असाच नेमका आहे. अंगुत्तर निकाय या बौद्ध ग्रंथात सोण नावाच्या भिक्षूची गोष्ट आहे. अतिश्रमाने थकून तो घरी परतायच्या विचारात होता. पूर्वी वीणा वाजवणाऱ्या सोणाला बुद्धाने तारांबद्दल विचारलं: फार ताणल्या तर? फार सैल सोडल्या तर? ताण किती, याचा आकडा बुद्धाने दिला नाही. तो वाजवणाऱ्याने कान लावूनच ठरवायचा.

पण कॅमचा उंचवटाच झिजला असेल, तर नट कितीही फिरवा, आवाज जात नाही. कॅमशाफ्टच बदलावा लागतो. बाबासाहेबांनीही तेच केलं. त्यांनी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतली. मधल्या २१ वर्षांत त्यांनी वेगवेगळे धर्म तपासून पाहिले. दीक्षेसोबत दिलेल्या २२ प्रतिज्ञांत जुन्या देवांशी तडजोडीला जागा ठेवली नव्हती. तरीही त्यांतली अकरावी प्रतिज्ञा बुद्धाच्या अष्टांगिक मार्गाने चालण्याची आहे, आणि मध्यममार्ग म्हणतात तो हाच.