ओसरीवरचे तात्या

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. २०१६ च्या मार्चमध्ये त्या सगळ्या रस्त्यांवर रिकाम्या घागरी घेतलेली माणसं दिसायची. भांडणं होऊ नयेत म्हणून पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली होती. त्याच गोलाईत एका बंद दुकानाच्या पायरीवर साठीतला एक माणूस झोपायचा. लोक त्याला ‘किल्लारीवाला’ म्हणत.

मागच्या गल्लीत एक निवृत्त नर्स राहायची. सगळ्यांची ती सिस्टर. नवरा वारलेला, लेक पुण्याला. घरात माणसाचा आवाज हवा म्हणून ती दिवसभर टीव्ही लावून ठेवी. गुड फ्रायडेच्या उपासनेत पाळकांनी मत्तयाच्या शुभवर्तमानातला न्यायाचा प्रसंग समजावून सांगितला. भुकेला, उघडा, परका होऊन प्रभूच आपल्या दारी येतो, म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून सिस्टर पायरीवर भाकरी-पिठलं नेऊन ठेवू लागली. तो हात जोडायचा आणि भिंतीकडे तोंड करून खायचा. ती घरी यायची, टीव्ही लावायची. दोघांचं एकटेपण जिथल्या तिथं.

एक दिवस तिला त्याची टाच दिसली. भेग चिघळून पू झाला होता. ती घरी गेली आणि तांब्याभर पाणी, मीठ, पट्टी घेऊन आली. त्यानं पाय आखडता घेतला.

“पाणी वाया नका घालवू, माय.”

त्या उन्हाळ्यात तांब्याभर पाण्याचं मोल लातूरकरालाच ठाऊक. तिनं पाय मांडीवर घेतला, जखम सावकाश धुतली आणि विचारलं, “नाव काय तुमचं?”

बराच वेळ तो गप्प होता. “गावात तात्या म्हणायचे,” एवढंच बोलला.

मग रोज थोडं थोडं उलगडत गेलं. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून किल्लारी गाव झोपलेलं. तात्या रानात जागलीला होते. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली आणि दगडमातीची जाड माळवदं झोपलेल्या माणसांवर बसली. बायको, दोन लेकरं, म्हातारी, सगळी गेली. पुढं पुनर्वसनात पक्कं घर मिळालं.

“घर चांगलंच होतं की. पर आत कुणासंग बोलायचं? एक दिवस कुलूप लावलं अन् निघालो.” बरीच वर्षं ते नांदेडला होते. “गुरुद्वाऱ्याच्या लंगरात कवाच उपाशी राहिलो न्हाई. त्या अन्नाला जन्मभर हात जोडीन. पर रात्री स्टेशनावर पडलो की वाटायचं, उद्या उठलो न्हाई तर कुणाला कळायचं?”

हाच प्रश्न सिस्टरही रोज रात्री उशाला घेऊन झोपत होती.

तिची आजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात वाढलेली, दुष्काळात पोरकी झालेली. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील आणि बहीण दुष्काळातच गेले. मग भाऊ गेला, नवरा गेला. तरी १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली घेऊन आल्या. आजी सांगायची, बाईंनी आम्हांला नुसतं पोसलं नाही. विणकाम दिलं, छापखाना दिला, शेत दिलं. सिस्टरला हे फार मोठं वाटायचं. घेणाऱ्याचा हात सतत पसरलेलाच राहिला, तर दया करणारा आणि तो कधी एका पंगतीला बसत नाहीत.

म्हणून तात्या एका सकाळी “घागरी द्या, रांगेत मी थांबतो” म्हणाले, तेव्हा सिस्टरनं नको म्हटलं नाही. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, पण रांगा लगेच थोड्याच सरणार होत्या! तात्या पहाटे नंबर लावायचे, सिस्टर चहा घेऊन जायची. शेजारणीच्या घागरीही ते भरू लागले. सुरुवातीला कुजबुजणारी गल्ली “तात्या, आमचाही नंबर धरा” म्हणू लागली.

पावसाच्या तोंडावर तिनं ओसरीलगतची खोली देऊ केली. ते बिचकले. “पुन्हा एकट्यानं भिंती बघायच्या?”

“संध्याकाळचं जेवण दोघांनी एकत्र करायचं. ते जमणार असेल तरच खोली.”

दिवाळीनंतर पुण्याहून लेकीचा फोन आला. “आई, आता ये ना इकडं. एकटी किती दिवस राहणार?”

“येईन गं, पण पुढच्या महिन्यात. तात्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, नांदेडला. माझ्या जुन्या मैत्रिणीनं तारीख घेऊन ठेवलीय.”

“तिथं खाण्यापिण्याचं काय कराल?”

सिस्टर काही बोलणार तोच ओसरीवरून तात्यांनी आवाज दिला, “तिला सांगा, नांदेड माझ्या वळखीचं हाय. लंगरात पंगतीला मी घेऊन जातो. तिथं तुम्ही माझ्या पाहुण्या.”