डॅशबोर्डमागची पाठचिकित्सा

पुण्याजवळ घोटावडे फाट्याच्या अलीकडे-पलीकडे भरे गावाच्या हद्दीत शेडच शेड आहेत. त्यांतल्या एकीत सध्या १९६६ सालची एमजीबी उभी आहे. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातली, दोन सीटची, टप उघडणारी. इंजिन ठणठणीत, पत्राही बरा. दुखणं आहे मीटरचं. पेट्रोलचा काटा मनाला येईल ते सांगतो, आरपीएमचा काटा मेलेला, आणि मीटरमधले दिवे त्यांच्या मर्जीने लागतात.

गंमत म्हणजे या डॅशबोर्डवरचे निम्मे काटे विजेवर चालतच नाहीत. स्पीडोमीटर गिअरबॉक्सपासून आलेल्या केबलवर फिरतो. ऑइलचं प्रेशर बारीक नळीतून खुद्द ऑइलच घेऊन येतं. पाण्याचं तापमान दुसऱ्या एका नळीत कोंडलेल्या ईथरच्या दाबावर कळतं. वीज लागते ती पेट्रोलच्या काट्याला, आरपीएमला आणि दिव्यांना. खोटं बोलतात तेही हेच.

पेट्रोलच्या काट्याचं खोटं समजण्यासारखं आहे. टाकीतल्या तरंगीबरोबर रेझिस्टन्स बदलतो: टाकी रिकामी तर जास्त, भरलेली तर कमी. म्हणून टाकीकडची वायर तुटली की काटा ‘रिकामी’वर पडतो, आणि तीच वायर सोलवटून बॉडीला टेकली की टाकी तुडुंब. मधे एक छोटी डबी असते, व्होल्टेज स्टॅबिलायझर. आत तापून वाकणारी धातूची पट्टी. ती सर्किट तोडते, गार होते, पुन्हा जोडते, आणि सरासरी दहा व्होल्ट पुढे जातात. या डबीचा अर्थ, म्हणजे बॉडीशी असलेला जोड, सुटला की पट्टी तापतच नाही, बॅटरीचा सगळा दाब काट्यावर येतो आणि तो आहे त्याहून जास्त पेट्रोल दाखवू लागतो.

डॅशबोर्डखाली उताणं पडून विजेरी लावली की मूळ वायरिंग वाचता येतं. बाहेरून कापडी वेणी, आत रंगांची भाषा. तपकिरी वायर थेट बॅटरीकडून येते, पांढरी किल्ली फिरवल्यावर जिवंत होते, हिरवी त्याच पांढरीतून फ्यूजमार्गे निघते, काळी बॉडीला जाते. हिरवीवर काळी रेघ असेल तर ती टाकीकडची. गाडीचं विजेचं सामान पुरवणाऱ्या लुकास कंपनीला ‘अंधाराचा युवराज’ म्हणायची वाहनवेड्यांची थट्टा जुनी आहे. मला ती अन्यायाची वाटते. जिने रंगांचं इतकं शिस्तीचं व्याकरण रुजवलं तिच्या माथी नंतरच्या साठ वर्षांचे जॉइंट कशाला मारायचे?

कारण खरी भर नंतरचीच. घरातल्या दिव्याची चपटी जोडवायर, दोन रंगांना पिळा मारून गुंडाळलेली काळी टेप, डॅशबोर्डला भोक पाडून बसवलेला टॉगल स्विच. शास्त्र्यांच्या भाषेत हे प्रक्षेप, मूळ ग्रंथात मागाहून घुसलेल्या ओळी. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कुणी त्यात आपली ओवी घालू नये असं बजावून ठेवलं. हातात कटर घेतला की आपल्यातही हाच आवेश संचारतो. सगळं उपटा, नवा हार्नेस टाका.

पण पुण्यातच दुसरी एक रीत घडली. भांडारकर संस्थेत १९१९ साली सुरू झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये, म्हणजे या गाडीच्याच साली, पुरी झाली. १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली. विष्णु सीताराम सुखठणकरांनी घालून दिलेली शिस्त अशी, की प्रक्षेप मूळ पाठातून काढायचा पण फेकायचा नाही. तळटीपेत किंवा परिशिष्टात ठेवायचा. व्यासांचा लेखनिक झालेला गणपती, आपल्या सगळ्यांचा लाडका, असाच परिशिष्टात गेला. आणि जिथे पाठाची खात्री नाही तिथे शब्दांखाली नागमोडी रेघ.

वायरिंगच्या कामात मी सुखठणकरांच्या पक्षाचा. तो टॉगल स्विच रेडिएटरपुढच्या इलेक्ट्रिक फॅनचा आहे. कंपनीने तो दिला नव्हता. इंग्लंडच्या हवेत गरजही नव्हती. पुण्याच्या एप्रिलमध्ये सिग्नलला उभं राहायचं तर आहे. मेलेल्या आरपीएमचं कारणही असंच एक. किल्लीकडून कॉइलकडे जाणारी पांढरी वायर टॅकोमीटरच्या पाठीवर एक वळसा घेते. ती मीटरच्या आत जातच नाही. वळशातून जाणाऱ्या करंटचे ठोके आतली ट्रान्झिस्टरची यंत्रणा बाहेरूनच मोजते. कुणीतरी हा वळसा गाळून किल्लीपासून कॉइलपर्यंत सरळ वायर ओढली आहे. असेल ताम्हिणी घाटात, भर पावसात गाडी बंद पडली. काटा गेला, माणसं घरी पोचली. ज्याने ती ओढली त्याला अडाणी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तर ठरलं ते असं. मूळ रंगांचा हार्नेस पुन्हा विणायचा, पांढरीला तिचा वळसा परत द्यायचा, डबीला घासून स्वच्छ केलेल्या पत्र्यावर अर्थ. फॅन आणि असाच मागाहून आलेला जादा हॉर्न यांचं वेगळं वायरिंग, वेगळ्या फ्यूजवर. मूळ गाडीत फ्यूज दोनच, त्यांच्यावर हा भार नको. हे परिशिष्ट. दोन वायरींचा उगम सापडत नाही. त्या न कापता टोकं बंद करून त्यांना चिठ्ठी बांधायची.

पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांसाठी केंद्राने २०२१ साली विंटेज नोंदणीचे नियम केले, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं देणारे. त्यात चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको असं म्हटलं आहे. वायरिंगच्या अस्सलपणाची काळजी ज्याची त्याने करायची.

राहता राहिला उलट्या अर्थचा प्रश्न. या गाडीत बॉडीला जोडलेली असते ती बॅटरीची प्लस बाजू. पुढच्याच वर्षापासून कंपनीने ती रीत बदलली. आजचा कुठलाही मेकॅनिक सवयीने मायनस बॉडीला लावणार आणि टॅकोमीटरमधले ट्रान्झिस्टर जाळणार. उलटवून टाकावं असा सल्ला बरेच जण देतात. आम्ही प्लसच ठेवतो आहोत, फक्त सीटमागच्या बॅटरीच्या झाकणाखाली ठळक अक्षरांत पाटी लावली आहे, ‘प्लस बॉडीला’. मराठीत. ॲबिंग्डनच्या कुठल्याही प्रतीत ही ओळ सापडणार नाही.