श्रवणभक्ती आणि मनाचे समत्व

श्रीक्षेत्री येणारा प्रत्येक भाविक देवापाशी काही ना काही सांगण्यासाठी आलेला असतो. कोणाच्या घरी आजारपण असते, कोणाच्या मुलाची नोकरी खोळंबलेली असते, तर कोणी बोललेला नवस फेडावयास येतो. तासन्‌तास रांगेत उभे राहिल्यावर गाभाऱ्यासमोर दोन-चार क्षण लाभतात आणि तेही मागण्यातच सरून जातात. मागणे गैर नाही. लेकराने आईपाशी हट्ट धरावा तसेच ते आहे. परंतु आपले सांगून झाल्यावर ऐकण्यासाठीही थांबावयाचे असते, याचे मात्र विस्मरण होते.

श्रीमद्भागवताच्या सातव्या स्कंधात भक्त प्रल्हादाने भक्तीचे नऊ प्रकार सांगितले आहेत. समर्थ रामदासस्वामींनी दासबोधाच्या चौथ्या दशकात त्यांचाच विस्तार केला आहे. दोन्ही ठिकाणी पहिला मान श्रवणाला आहे. कीर्तन, स्मरण, अर्चन, वंदन हे सर्व त्यानंतर येते. कारण उघड आहे. काठोकाठ भरलेल्या पात्रात काही ओतता येत नाही आणि स्वतःच्याच विचारांनी भरलेल्या मनात बोध उतरत नाही.

अर्जुनाचे श्रवण

श्रवणाने ढळलेला तोल कसा सावरतो, याचे सर्वोत्तम उदाहरण श्रीमद्भगवद्गीतेत आहे. गीतेच्या प्रारंभी अर्जुनाची अवस्था काय आहे? त्याचे अवयव गळून गेले आहेत, तोंडाला कोरड पडली आहे, शरीर कापत आहे, हातातून गांडीव निसटत आहे. मन भोवंडत असून धड उभेही राहवत नाही, असे तो स्वतःच सांगतो आणि अखेर धनुष्यबाण टाकून रथात बसून राहतो. ज्याच्या पराक्रमाची सर्वत्र ख्याती, त्या वीराची ही स्थिती आहे. म्हणून ज्यांचे मन संकटसमयी खचते, त्यांनी स्वतःला दुबळे अथवा श्रद्धाहीन समजू नये. अर्जुनाच्या या दुःखालाही गीतेने विषादयोग असे नाव देऊन योगाच्या पंक्तीत बसविले आहे.

या पहिल्या अध्यायात भगवान श्रीकृष्ण जवळजवळ मौनच आहेत. जमलेल्या कौरवांना पाहा, एवढेच ते म्हणतात. अर्जुनाचे दुःख ते अर्ध्यावर तोडत नाहीत. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी ते दोनच श्लोकांत त्याला सावध करतात. पण तत्त्वोपदेश अद्याप देत नाहीत. पुढे अर्जुन आपल्याला काही सुचत नसल्याची कबुली देतो, मी तुमचा शिष्य आहे असे म्हणतो आणि गप्प होतो. त्यानंतरच, दुसऱ्या अध्यायाच्या अकराव्या श्लोकापासून, भगवंतांचा उपदेश सुरू होतो. शिष्य निःशब्द झाला तेव्हा गुरूचे शब्द आले, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

तथापि अर्जुनाचे श्रवण म्हणजे निमूटपणे मान डोलावणे नव्हे. ज्ञान श्रेष्ठ असेल तर मला या घोर कर्मात का लोटता, असे तो तिसऱ्या अध्यायात विचारतो. मन वाऱ्यासारखे अनावर आहे, ते आवरावे कसे, ही अडचण तो सहाव्या अध्यायात मांडतो. जे कळले नाही ते विचारणे हाही श्रवणाचाच भाग होय. उपदेशाच्या शेवटी भगवंतही आज्ञा करीत नाहीत. या सर्वाचा पूर्ण विचार कर आणि मग इच्छेस येईल तसे कर, असे सांगतात. त्यानंतर ते अर्जुनाला विचारतात, तू हे एकाग्र चित्ताने ऐकलेस ना? त्यावर तो उत्तरतो की, मोह नाहीसा झाला, स्मृती परत आली आणि आता मी स्थिर उभा आहे. पहिल्या अध्यायात ज्याला उभे राहवत नव्हते, तो अठराव्या अध्यायात स्थिर उभा राहिला. युद्ध टळले नव्हते, समोरचे आप्तही तेच होते. बदलला होता तो ऐकणारा.

एकच उपदेश, तीन श्रोते

गीतेचे ७०० श्लोक केवळ अर्जुनाच्याच कानी पडले नाहीत. श्रीव्यासांच्या कृपेने ते संजयाने ऐकले आणि संजयाच्या मुखातून धृतराष्ट्रानेही ऐकले. संवाद आठवून आठवून संजय पुनःपुन्हा हर्षित होतो. धृतराष्ट्राचे काय झाले? गीतेत त्याचा एकच श्लोक आहे आणि तो म्हणजे पहिला. माझ्या मुलांनी आणि पांडूच्या मुलांनी काय केले, असे त्याने विचारले. त्यानंतर १८ अध्याय संपेपर्यंत तो एक शंका विचारीत नाही की एकदा गहिवरत नाही. ‘माझे’ या एका शब्दाने त्याचे कान आधीच भरलेले होते. उपदेशात उणीव नव्हती, ती ग्रहण करणाऱ्यात होती. प्रवचने पुष्कळ ऐकूनही घरातील कलह तसाच राहत असेल, तर आपण कोणत्या श्रोत्यासारखे ऐकत आहोत, हे प्रत्येकाने पडताळून पाहावे.

इ. स. १२९० मध्ये प्रवरेच्या तीरी नेवासे येथे श्रीज्ञानेश्वर महाराजांनी हीच गीता मराठीत आणली. त्यांनीही नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे एकच दान मागितले आहे, ते म्हणजे अवधान. वक्ता कितीही थोर असला, तरी लक्ष देणे हे श्रोत्याच्याच स्वाधीन असते.

नित्य जीवनातील आचरण

अवधानाचा हा पाठ मंदिरात प्रत्येक भाविकाला मिळतो. तीर्थ घेताना उजव्या हाताचा तळवा किंचित खोलगट करतात. आचमनासाठी हात असा करण्यास गोकर्णाकृती, म्हणजे गाईच्या कानासारखा, म्हणतात. तो हात रिकामा असावा लागतो. मूठ आवळली तर तीर्थ राहत नाही आणि बोटे फाकली तर गळून जाते. मोठी देणगी देणारा असो वा केवळ फूल वाहणारा, प्रत्येकाच्या तळव्यावर पळीभरच तीर्थ पडते. देणाऱ्यानेही येथे घेणारा होऊन हात पुढे करावयाचा असतो.

हीच वृत्ती घरी नेता येते. त्यासाठी वेगळा खर्च वा कठीण व्रत लागत नाही.

सकाळी देवपूजेनंतर काही क्षण काहीही न मागता शांत बसावे. मन भटकले तर चिडू नये, त्याला पुन्हा श्वासाकडे वा नामाकडे आणावे. मन अभ्यासाने आणि वैराग्याने आवरते, असेच भगवंतांनी अर्जुनाला सांगितले आहे.

जेवताना मोबाइल आणि दूरदर्शन बंद ठेवून अन्नाकडे व पंक्तीतील माणसांकडे लक्ष द्यावे. आहार, विहार, झोप आणि जागरण यांत प्रमाण राखणाऱ्यालाच योग दुःखनाशक होतो, असे गीतेचा सहावा अध्याय सांगतो.

घरातील वृद्ध तीच गोष्ट दहाव्यांदा सांगत असतील, तरी ती एकदा शेवटपर्यंत ऐकावी. मुलाची चूक कळताच बोलू लागण्यापूर्वी त्याचे म्हणणे पूर्ण होऊ द्यावे. पती-पत्नींनी उत्तर जुळविण्यासाठी नव्हे, तर समजून घेण्यासाठी एकमेकांचे ऐकावे.

दुःख असह्य झाल्यास ते मनात कोंडून ठेवू नये. अर्जुनाप्रमाणे ते विश्वासाच्या व्यक्तीपाशी बोलावे, आवश्यक तेथे डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि तो मानावा. योग्य मदत स्वीकारणे यात कमीपणा नाही.

प्रपंचातील अडचणी एका दर्शनाने संपतील असे नाही. अर्जुनापुढचे रणांगणही नाहीसे झाले नव्हते. परंतु ऐकणारे मन त्या अडचणींसमोर स्थिर उभे राहते आणि आपले कर्तव्य ओळखते. यासाठी दर्शन झाल्यावर लगेच परतू नये. क्षणभर सभामंडपात बसावे, मागणे बाजूला ठेवावे आणि अंतःकरण रिकाम्या ओंजळीसारखे करावे. सर्व भाविकांना असे सावध श्रवण घडो आणि त्यांच्या घरी समाधान नांदो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥