म्हातारपणाची सभा कोणी आखावी?



म्हातारपणाच्या तजविजीवर मेळावा ठरला की आम्ही वक्ता, मंडप आणि चहा पाहतो; ज्यांचे म्हातारपण, त्यांना फक्त खुर्ची देतो. प्रेमापोटीच, पण दुसऱ्याच्या वतीने किती ठरवावे? आपल्या मुरुडच्या धोंडो केशव कर्वे यांनी १८८६ साली ‘मुरुड फंड’ काढला, तो गावकऱ्यांच्याच वर्गणीवर.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मात्र सही ज्याची त्यानेच करायची, लेकालाही ती करता येत नाही. (व्यर्थ उपचार नाकारणे म्हणजे आत्महत्या नव्हे, असे ख्रिस्तसभाही शिकवते.) मग त्याविषयीची सभा तेवढी आम्ही परस्पर कशी आखावी?

या रविवारी मिस्सानंतर ज्येष्ठांनी थोडे थांबावे. विषय, वेळ, जागा आपण सांगा. आम्ही लिहून घेऊ.